निळ्याच्या खाली काय हाय

खोटं कशाला बोलू, मी बेस गिटार वाजवतो हे माझ्या सख्ख्या भावालासुद्धा धड माहीत नव्हतं. तो पाहुण्यांना सांगायचा, "आमचा रावसाहेब बी गायन पार्टीत असतोय की. वहिनी गात्यात, ह्यो मागं उभा ऱ्हातोय."

बेसवाल्याचं नशीबच तसं. ढोलकी थांबली तर मांडीवरचं पोर मान वर करतं. गाणारी नुसती खोकली तर शेवटच्या रांगेतली म्हातारी ओरडते, अगं बाईला पाणी द्या कुणीतरी! बेस थांबला तर फक्त बेसवाल्याला कळतं. एकदा वेळापूरला कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा स्टेजपाशी आले आणि माझ्या गिटारकडं बघून हळहळले, "दोन तारा तुटल्यात व्हय रं? बाकीच्यांच्या गिटारीला सहा असत्यात." मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, की आजोबा, ही बेस गिटार, हिला चारच असतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दहाची नोट माझ्या मुठीत कोंबली. "असू दे, लाजू नगं. नव्या घाल." ती नोट मी घेतली. शालन ही गोष्ट अजून लग्नाकार्यात सांगते आणि लोक पोट धरून हसतात.

शालन माझी बायको. पार्टीची मुख्य गायिका. मोडनिंबपासून श्रीपूरच्या कारखान्यापर्यंत कुठंही जा, भीमगीतं म्हणलं की शालनताई. आणि मी कोण, तर शालनताईंचे मिस्टर. रेल्वेच्या मालधक्क्यावर चौतीस वर्षं क्लार्की केली, तिथंसुद्धा साहेब म्हणायचे, "ते गाणाऱ्या बाईंचे मिस्टर कुठायत? त्यांना ही फाईल द्या."

म्हणून सांगतो, ती गिटार म्हणजे माझी सगळी इस्टेट होती. पंच्याऐंशी साली रेल्वे लाईन्समधले एक गार्डसाहेब रिटायर होऊन गोव्याला निघाले, त्यांच्याकडून घेतली. अस्सल जपानी. आणि रंग काय तिचा! मध्ये नव्या गुळासारखा पिवळा, कडेला जाता जाता तांबडा, आणि पार काठाला काळपट. त्याला सनबर्स्ट म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपला तिला "पिवळी" म्हणायचो. पिवळी गळ्यात अडकवली की मी कुणाचा मिस्टर नसायचो.

मग एक्क्याण्णव साल आलं. बाबासाहेबांची शंभरावी जयंती. आमच्या बुधवार पेठेत खांब, कट्टे, सायकली, जे सापडेल ते लोक निळं करत सुटलेले. आणि नेमकं मार्चमध्ये रेल्वेनं मला महिनाभर भुसावळला ट्रेनिंगला धाडलं. निघताना मी शालनला बजावलं, "घराला आग लागली तर आधी पोरगीला बाहेर काढ, मग गिटार, मग तुझं तू बघ." हे मी विनोद म्हणून बोललो होतो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अकरा एप्रिलला परत आलो तर पिवळी निळीशार! विहाराच्या गेटला लावतात तो ऑईलपेंट. दोन जाड हात, वर ब्रशाचे फराटे.

"हे काय केलंस?"

"जयंतीसाटी रंगवली," शालन म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

मी तीन दिवस घरात जेवलो नाही. स्टेशनसमोर वडापाव खाऊन यायचो आणि घरी येऊन उपाशी असल्याचं तोंड करायचो. चौदा तारखेला मात्र वाजवलं, कारण पार्टीला दुसरा बेसवाला नव्हता. पण टोमणा चालू झाला तो झालाच. आमटी खारट झाली, "जपानी वस्तूला गेटचा रंग फासणारीच्या हातचं असंच असायचं." बस चुकली, "रंग काढत बसली असशील." संघप्रियाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या लग्नातसुद्धा व्याह्यांना बोलून दाखवलं. चौतीस वर्षं! आणि शालन? जी बाई मेथीच्या एका जुडीसाठी भाजीवाल्याला अर्धा तास सोडत नाही, ती या एका विषयावर कधी चकार शब्द बोलली नाही. मला वाटायचं, पश्चात्ताप हाय बिचारीला.

या वर्षी विहारानं ठरवलं, जुन्या कलावंतांचा सत्कार करायचा, तेरा एप्रिलला. पत्रिका छापून आली आणि त्यात माझं नाव! "आयु. रावसाहेब, गिटार." बेस लिहिलं नव्हतं, पण म्हणलं जाऊ दे. ती पत्रिका मी देव्हारा नसलेल्या घरात जितक्या भक्तीनं ठेवता येईल तितक्या भक्तीनं टीव्हीवर उभी केली. आणि त्याच दिवशी मनानं घेतलं, की आता पिवळीला परत पिवळी करायची. त्या दिवशी स्टेजवर लोकांनी शालनकडं नाही, माझ्याकडं बघायचं. एकदा. एकदाच.

संघप्रिया बँकेत असते, दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिनं गिटारचे फोटो काढून जुन्या गिटारवाल्यांच्या कुठल्यातरी ग्रुपवर टाकले. धडाधड सल्ले आले. एक जण म्हणाला, निळ्याखाली मूळ रंग शाबूत असेल तर नशीबवान आहात, काढा. दुसरा म्हणाला, हात लावू नका, वरचं काढता काढता खालचंही घालवाल. तिसरा म्हणाला, निळा हासुद्धा आता तिचा इतिहास आहे. तिसऱ्याला मी ब्लॉक करायला लावलं.

आठ दिवसांत मी तज्ज्ञ झालो. यूट्यूबवर जेवढे म्हणून गोरे लोक गिटार खरवडतात ते सगळे बघितले. दूधवाल्याला "ओरिजिनल फिनिश" समजावून सांगितला. तो म्हणाला, "काका, पिशवी घ्या आधी, गळायली." गल्लीत बातमी पसरली की रावसाहेब निळा रंग काढणार. विहाराचे सेक्रेटरी जोतिराम घरी आले, चहा घेतला, आणि हळूच म्हणाले, "निळं काढून कुठला लावणार म्हणे?"

"लावणार नाही हो. खालचा ओरिजिनल. पिवळा आणि तांबडा."

"पिवळा आणि तांबडा," जोतिराम म्हणाले. "मिळून काय हुतंय, बघा म्हणजे झालं. तुमी आमचे जुने कार्यकर्ते हाव."

त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी तीनदा जयभीम घातला.

नव्या पेठेत अभिमन्यू नावाचा एक जण गिटारी दुरुस्त करतो. त्याच्याकडं गेलो. त्यानं बेस उचलली आणि म्हणाला, "काका, लई जड हाय की ओ."

"जुनं जपानी लाकूड. आता तसलं येत नाही," मी म्हणालो.

त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं, मागून पुढून बघितलं, दांडीवरून हात फिरवला. "दांडी तर एक नंबर. बॉडीचं, रंग काढल्याबिगर काय सांगू? पण एकदा काढला की परत येत न्हाय. घरात ठरवून या." नसबंदीचा डॉक्टर बोलतो ना, तसा बोलला.

घरात ठरवायचं म्हणजे शालनला विचारायचं. ती तांदूळ निवडत होती.

"राहू द्या की निळं," ती म्हणाली. "निळ्याला काय झालंय?"

"निळ्याला काही झालं नाही. पण निळ्याखाली माझी पिवळी हाय."

"मी मेल्यावर काडा."

मी उडालोच. "अगं एवढं काय त्यात?"

"अवो, उभ्या जन्मात एक गोष्ट मागितली न्हाय तुमाला. ही ऐका. खालचं बगू नका."

आता शहाणा माणूस असता तर थांबला असता, विचारलं असतं, का गं? मी काय विचार केला सांगू? हिला माझी कीर्ती बघवेना. साठीची झाली, सगळा जिल्हा हिच्या नावानं टाळ्या वाजवतो, आणि नवऱ्याचं एक दिवस नाव होतंय तर पोटात दुखायलंय. मी तिला तसं बोलूनसुद्धा दाखवलं. तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती विहारात महिला मंडळाच्या बैठकीला गेली, आणि मी गिटार घेऊन गच्चीवर गेलो. संघप्रियाचा हेअर ड्रायर, लोखंडी पत्ती, काचपेपर. अभिमन्यू कशाला पाहिजे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ड्रायरनं रंग तापवला, पत्ती घातली. निळ्याचं साल निघालं. माझं काळीज असं धडधडायलं, की मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही तसं धडधडलं नव्हतं. निळ्याखाली पांढरी लांबी होती, फटी बुजवायला सुतार भरतात ती. मी म्हणलं असेल, जपानी लोक आधी लांबी भरत असतील. लांबी खरवडली.

खाली लाकूड. कोरडं, भुरं. पिवळं नाही, तांबडं नाही.

दुसरीकडं खरवडलं, लाकूड. मागं खरवडलं, लाकूड. काठाला खरवडलं तर एक चौकोनी भोक, त्यात खुंटी ठोकून बुजवलेलं. जपानी गिटारला भोक कशाला? मी त्या गार्डसाहेबांना अशा शिव्या दिल्या, की शेजारची कस्तुराबाई वाळत घातलेल्या सांडग्यांमागून बघायला लागली. "फसवलं! चाळीस वर्षं फसवलं मला त्या माणसानं!" मग डोक्यात प्रकाश पडला, की रंग तर मी स्वतःच्या डोळ्यांनी सहा वर्षं बघितलेला. गार्डसाहेब निर्दोष. मग पिवळी गेली कुठं?

मागं वळलो तर जिन्याच्या दारात शालन. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"बगितलं का शेवटी," ती म्हणाली आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. मग सांगायला लागली. एकदाही थांबली नाही.

"तुमी भुसावळला हुता. मी हितंच कुरडया घातल्या हुत्या. वारं लई सुटलं, धोतराचं पान उडायलं. तीन कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्याची कळशी ठिवली. चौथ्याला काय न्हवतं. तुमची गिटार पिशवीत हुती, जड हुती, ती आणून ठिवली कट्ट्याला टेकवून. वाऱ्यानं धोतर असं उचललं, की सगळंच गेलं खाली. गल्लीत. कुरडया, कळशी आणि ती."

"पिवळी?"

"तीन तुकडं. दांडी तेवडी वाचली."

मी खाली बसलो. गच्ची तापलेली होती, पण ते मला नंतर कळलं.

"पदरात गोळा करून आणली," शालन म्हणाली. "पलीकडच्या गल्लीत शिवलिंगप्पा सुतार हुता, अक्कलकोटकडचा. मागवाल्यांनी मोडीत काडलेला हातमाग त्याच्याकडं पडला हुता, चांगलं सागवान. तुकडं जुळवून ठिवलं, त्याच्यावरनं आकार काडला. तीन दिवस मी त्याच्यासमोर बसून, पोरगी मांडीवर. त्याला म्हणायची, हितं अजून गोल, हितं अजून बारीक. तो म्हणायचा, अक्का, ही काय वीणा हाय काय? वायरी रेडिओवाल्यानं जोडल्या. सगळं झालं, पण तुमचा तो पिवळा रंग काय त्याला जमंना. मग गेटचा निळा लावला."

म्हणजे चौतीस वर्षं मी हातमागाचा खांब वाजवत होतो! मोडनिंबला एका कीबोर्डवाल्याला मी अर्धा तास सांगितलं होतं, की जपानी लाकडाचा आवाज जितका जुना तितका मुरतो. गाढवाला गुळाची चव काय, असं मी त्या माणसाला तोंडावर म्हणालो होतो. तोंडावर!

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आदी पोरगी, मग गिटार, मग मी. सांगितलं असतं तर तुमी वाजवणं सोडून दिलं असतं."

दिलं असतं. मी स्वतःला ओळखतो. एक निमित्त पाहिजे होतं मला, आयुष्यभर रुसून बसायला.

"चौदा तारखेला स्टेजवर मी तुमच्याकडं बगत हुते," शालन म्हणाली. "पयल्या गाण्यात शब्द चुकले मी. आता कळंल, आता थांबतील, आता माझ्याकडं बगतील. तुमी डोळं झाकून वाजवायलाव. उतरल्यावर काय म्हणालाव आटवतंय? आज काय वाजलं माजं!"

"सुटलीस म्हण की."

"त्या दिवशी सुटले. चार दिवसांनी राग आला. म्हणलं, या माणसाला काय बी कळत न्हाय. उद्या माज्या जागी दुसरी बाई आणून बसवली, तरी चार दिवस याला पत्ता लागायचा न्हाय."

मला हसू आलं. चौतीस वर्षं टोमणे मारले मी, आणि या बाईनं गेटच्या रंगाचा गुन्हा कबूल करून टाकला होता, खरा गुन्हा लपवायला. तोही गुन्हा काय, तर कुरडया उडू नयेत. लाज वाटली हो. खरंच लाज वाटली. मी म्हणालो, "चुकलं माझं." हे दोन शब्द लग्नानंतर पहिल्यांदा बोललो असेन, कारण तिनं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं.

अभिमन्यूला फोन करून सगळं सांगितलं. तो हसून हसून दमला आणि म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. त्याच सागवानावर नवीन सनबर्स्ट मारून देतो. तेरा तारखेला कुणाच्या बापाला कळणार न्हाय." मी विचार केला. मोठेपणा कशाला सांगू, चांगली दहा मिनिटं विचार केला. स्टेज दिसलं, माणसं दिसली, पिवळा रंग दिसला. मग मी त्याला नको म्हणालो. या गिटारला पिवळा रंग कधी नव्हताच. हिचा ओरिजिनल फिनिश गेटचा निळाच.

संध्याकाळी रंगाच्या दुकानातून निळ्याचा छोटा डबा आणि दोन इंची ब्रश आणला. गच्चीवर वर्तमानपत्र पसरलं, गिटार मांडली, शालनला हाक मारली. मी ठरवूनच ठेवलं होतं, की हिचा मान हिला द्यायचा. ब्रश तिच्यापुढं धरला.

"घे. तू पहिल्यांदा रंगवलीस, आताही तूच रंगव."

तिनं ब्रश घेतला नाही. "तुमीच लावा."

मला वाटलं, राग गेला नाही अजून. "चुकलं म्हणालो की बाई. आता काय पाया पडू?"

"तसं न्हवं," शालन म्हणाली. "माजा हात ऱ्हात न्हाय आता. रंग इकडं तिकडं जाईल."

आणि तिनं पदराखालून उजवा हात बाहेर काढला. तो थरथरत होता. थंडीनं थरथरतो तसा नाही, आपोआप, थांबायचं नाव न घेता.

"हे कधीपासून?"

"दोन वर्सं हुत आली."

दोन वर्षं मला चहा अर्धा कप येतो. मी समजत होतो, माझ्या शुगरसाठी. वर आठ दिवसांपूर्वी ओरडलो होतो, की चहात सुद्धा कंजुषी करायलीस. पूर्ण भरला तर सांडत होता.

"संघप्रियाला माहिती हाय?"

"तिनंच नेलं की डॉक्टरकडं. गोळ्या चालू हायत. तुमाला सांगणार हुते, पण म्हणलं, बगू या, कळतंय का."

मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला, तरी तो आत हलतच होता.

"पुडची तारीक एकवीसला हाय," शालन म्हणाली. "सकाळी दहाला. याल का?"

येतो म्हणालो. मग एका हातानं तिचा हात तसाच धरून दुसऱ्यानं ब्रश उचलला.